लढाई नसलेलं नाटक

माझा धंदा लढाया लावण्याचा आणि स्वभाव घाबरट. रस्त्यात दोन माणसं चढ्या आवाजात बोलायला लागली की मी पलीकडच्या पाखाडीने घरी जातो, हे रत्नागिरीच्या बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. तरीसुद्धा सन वीसच्या पुढे आणि तीस उलटल्यावरही कितीतरी वर्षं, या जिल्ह्यात जिथे कुठे हौशी मंडळींनी ऐतिहासिक नाटक धरलं, तिथली दोन्ही सैन्यं माझ्याच पेटाऱ्यांतून निघाली. वडील शिंपी होते. त्यांनी सदरे शिवले, मी अंगरखे शिवले. मग अंगरख्यावर शेला लागतो, शेल्याखाली तलवार लागते, असं करता करता दुकानात कपडेपट उभा राहिला आणि मी तो गावोगाव भाड्याने नेऊ लागलो. कपडे नेणाऱ्यानेच रंग लावायचा आणि त्यानेच लढाई बसवून द्यायची, अशी आमच्याकडे पद्धत.

लढाई बसवणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. तलवार पांगाऱ्याच्या लाकडाची. वजनाला हलकी आणि वर बेगड चिकटवलेली. लागली तर टेंगूळ येतं, त्यापलीकडे काही नाही. माणसं असतात सात-आठ. ती एका विंगेतून ओरडत शिरतात, दुसऱ्या विंगेतून बाहेर पडतात, पडद्यामागून धावत जाऊन पुन्हा पहिल्या विंगेतून शिरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं केवढी ही फौज! मरणाऱ्याने डोकं विंगेकडे करून पडायचं, म्हणजे ओढणारा न दिसता आत घेता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठी मैदानी लढाई पडद्यामागे करायची. आत पत्रा बडवायचा, चार आरोळ्या ठोकायच्या, आणि एक जासूद धापा टाकत बाहेर येऊन काय झालं ते सांगतो. नाटक लिहिणारे याला युक्ती म्हणतात. मी याला जीव वाचवणं म्हणतो.

कारण समोरासमोर लढाई लावली की कुणीतरी हरायला लागतं, आणि हरायला कुणी तयार नसतो. हर्णैला एकदा रंगीत तालमीत मी ही चूक केली. दोन्हीकडे दर्यावर्दी गडी, खांदे बघावेत असे. ठरल्याप्रमाणे डावीकडच्यांनी पडायचं होतं. एक पडला नाही! पांगाऱ्याच्या तलवारी मोडल्या, मग मुठी, मग नुसतीच झोंबाझोंबी. मी विंगेत हात जोडून उभा. शेवटी खाली किनाऱ्यावर कुणीतरी होड्या आल्याची हाळी दिली आणि दोन्ही सैन्यं अंगरख्यांसकट मासळीच्या लिलावाला पळाली. माझ्या मखमली अंगरख्यांना त्यानंतर वर्षभर सुकटीचा वास येत होता.

पण लढाई टाळण्याचं खरं शिक्षण मला मंडणगडाकडे मिळालं. तिथे एक पेन्शनर हवालदार रोज तालमीला येऊन कोपऱ्यात बसायचे. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे जाऊन आलेले. एक दिवस मी विचारलं, "हवालदार, आमची लढाई कशी वाटते?"

"चांगली हाय वो," ते म्हणाले. "पन खरी अशी लगेच लागत नाय. आमचा सायेब दुश्मनाला गाठायला बगायचा, तवा दुश्मन चुकवायचा. मंग दुश्मन अंगावर यायला बगायचा, तवा सायेब चुकवायचा. चालून चालून पायाची सालटी निगाली आमच्या. ज्याला घाई झाली त्याची मानसा मेली."

"मग त्यात अवघड काय? गाठणं की चुकवणं?"

त्यांनी विडी विझवली. "चुकवना. दुश्मनाकडं पाठ करून चालायचा असता. पळायचा नाय, चालायचा. आनि मागं बगायचा नाय. मागच्या मानसाने बगितलान की फुडची समदी पळत सुटतात."

हे मी डोक्यात ठेवलं. उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यातली माणसं अजून आहेत. मिरजोळं मागे टाकून बैलगाडीने गेलं की पोचेपर्यंत दिवस मोडायचा, एवढंच सांगतो. गावाच्या दोन वाड्या, वरचीवाडी आणि खालचीवाडी. आदल्या शिमग्यात पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचवायची यावरून काठ्या निघाल्या. वरच्यावाडीतला सखाराम, तरणाबांड, तोंडाने तिखट आणि हाताने त्याहून. त्याच्या काठीने खालच्यावाडीतल्या धोंडूचं डोकं फुटलं. तेव्हापासून वाड्यांचं बोलणं बंद, पाणी बंद, येणंजाणं बंद.

त्यात आणखी एक गाठ होती. सखारामची धाकटी बहीण येसू याच धोंडूच्या घरात दिलेली, त्याच्या धाकट्या भावाला. धोंडू तिचा थोरला दीर आणि घराचा कर्ता. पोरीला पहिल्या खेपेचे दिवस गेलेले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरची वाट बंद. आई नव्हती तिला. वर सखारामची बायको आणि म्हातारी आत्या वाट बघत बसलेल्या, आणि खाली येसू घागर घेऊन विहिरीवर गेली की वरच्यावाडीकडे बघत उभी राहायची. दोन्ही घरं एकमेकांना दिसतील एवढ्या अंतरावर.

गावचे मास्तर भला माणूस. त्यांनी मानकऱ्यांना गळ घातली, की दोन्ही वाड्यांनी मिळून देवळापुढे एक नाटक करावं. नाटक नीट पार पडलं तर देवासमोर बोलणं सुरू करायचं आणि येसूला माहेरी धाडायचं, असं ठरलं. धोंडूनेही मान हलवली. बिघडलं तर मात्र पुन्हा कुणी नाव काढायचं नाही.

नाटक मास्तरांनीच लिहिलं. घाटावरचा एक सरदार मोठी फौज घेऊन कोकणात उतरतो आणि एका गडाखालच्या मैदानात तळ देतो. त्याला मैदानी लढाई हवी, कारण फौज त्याची मोठी. गडाच्या किल्लेदाराजवळ मूठभर माणसं, म्हणून त्याला लढाई नको. सरदार डिवचतो, हा हुलकावणी देतो, माघार घेतो, रानात शिरतो. शेवटी पावसाळा तोंडावर येतो, घाट बंद व्हायची वेळ येते, आणि सरदार दाणागोटा संपला म्हणून निघून जातो. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. मास्तर मोठ्या हौसेने मला म्हणाले, "बघा अण्णा, अख्ख्या नाटकात एकही लढाई नाही!"

मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. अहो, लढाई असली की तिचे हात ठरलेले असतात. वर, खाली, गिरकी, पड. लढाई नाही म्हणजे माणसं नुसती समोरासमोर उभी राहणार, आणि त्यांच्या हातांना काम काय?

किल्लेदार वरच्यावाडीचा सखाराम. सरदार खालच्यावाडीचा धोंडू. मान म्हणून ज्याने त्याने आपापला माणूस दिला होता. आणि तालमी? वाड्यांचं बोलणं बंद, तेव्हा मास्तर सकाळी एका वाडीत तालीम घ्यायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या. किल्लेदारासमोर सरदाराची वाक्यं मास्तर म्हणायचे आणि सरदारासमोर किल्लेदाराची. ही दोन सैन्यं एकमेकांसमोर पहिल्यांदा उभी राहणार ती थेट नाटकात! हे मला तिथे पोचल्यावर कळलं. गाडी तशीच फिरवावी असं वाटलं.

आणखी एक नवल म्हणजे नाटक दिवसा होतं. रात्री बत्ती विझली आणि कुणी कुणाला हाणलं तर नाव कुणाचं घ्यायचं, असं मानकऱ्यांचं म्हणणं. मी जन्मात दिवसा नाटक केलं नव्हतं. उन्हात रंग वितळतो, बेगड बेगडासारखं दिसतं.

सकाळी धोंडूला रंग लावायला बसलो. मोठा, शांत माणूस. कपाळाच्या वर केसात काठीचा व्रण, बोटभर लांब. त्यावरून माझा हात गेला तसा तो म्हणाला, "त्याला रंग नको लावू. तो आसाच ऱ्हाऊ दे." मग त्याने धडप्यात गुंडाळलेली एक तलवार पुढे केली. घराण्यातली, दसऱ्याला पुजायची. सरदार म्हणून हीच कमरेला लावणार म्हणाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण मी ती ओढून पाहिली. गंजून म्यानात घट्ट बसलेली, दोन्ही हातांनी ओढली तरी तसूभर हलेना. नाही म्हटलं तर मान जातो. म्हटलं असू दे, शोभेला आहे.

सखारामला दुसऱ्या बाजूला, देवळामागच्या पडवीत रंगवला. "अण्णा," तो म्हणाला, "मी रागीट मानूस हाये. आमची पोरा म्हनतात, तुजा हात उठला की आमी उठतो. उठला तर काय करू?"

मी त्याला किल्लेदाराचा लाल शेला घातला आणि टोक हातात दिलं. "उजव्या हाताने हे धर. काही झालं तरी सोडू नकोस. माघारीची वेळ आली की पाठ फिरव आणि चाल. पळायचं नाही आणि मागे बघायचं नाही."

"मागं कोन आसंल?"

"धोंडू असेल."

तो शेल्याचं टोक मुठीत धरून बसला.

पहिला अंक झाला. लोक न्याहारी करून आले होते, वरच्यावाडीचे एका बाजूला, खालच्यावाडीचे दुसऱ्या, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. खालच्यावाडीच्या बायकांत पुढेच येसू बसली होती, पोटावर पदर ओढून. मी विंगेत पडद्याच्या दोरीला लागून. मास्तर माझ्या शेजारी वही घेऊन प्रॉम्प्टिंगला.

दुसऱ्या अंकात सरदार आणि किल्लेदार समोरासमोर आले. धोंडूने मास्तरांची वाक्यं म्हटली. "किल्लेदार, बिळातून बाहेर या, मैदानात या." ठीक. मग तो थांबला. मास्तर कुजबुजत पुढचं वाक्य देत होते, त्याने घेतलं नाही. त्याने हात वर नेला आणि डोक्यावरचा मंदील काढला. माझी पिन लावलेली होती, ती तटकन तुटली. त्याने मान वाकवून तो व्रण सखारामला दाखवला. मग माणसांना दाखवला.

"शिमग्यात बाजूनी येऊन मारलास," तो म्हणाला. "आता समोर हाय. मार."

आणि त्याने तलवार उपसली. ती सर्रकन बाहेर आली! खोबरेलाचा वास मला विंगेपर्यंत आला. मी सखारामला रंगवत होतो, तेवढ्यात त्याने म्यानात तेल ओतून ती सोडवली होती. पातं गंजकं, पण लोखंड ते लोखंड.

सखारामच्या मागे वरच्यावाडीची पोरं उभी होती, त्यांच्या हातात माझ्या पांगाऱ्याच्या तलवारी. पण मांडवाच्या कडेला काठ्या टेकून ठेवलेल्या मी सकाळीच पाहिल्या होत्या. मास्तर माझा दंड धरून म्हणाले, "अण्णा, पडदा! पडदा पाडा!"

दोरी माझ्या हातात. एक हिसका दिला की पडदा खाली. पण पडदा पडला की ही माणसं पडद्यामागे एकटी. आत्ता देव बघतोय, मानकरी बघतायत, येसू बघतेय. पडदा पाडला तर कुणाला कुणाचा धाक? आणि नाही पाडला आणि सगळ्यांदेखत मुडदा पडला तर? माझे हात भिजून दोरी निसटायला लागली. मी ती मनगटाला गुंडाळली, आणि पाडली नाही. बरोबर केलं की चूक, तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

सखारामचा उजवा हात शेल्यावर होता. शेला ताणला गेला, शिवण उसवल्याचा आवाज मी ऐकला. त्याच्या मागून त्याच्याच वाडीतला कुणीतरी म्हणाला, "सखा, मार ना!"

सखाराम बोलला. त्याचं नाटकातलं वाक्य होतं, "सरदार, आज लढाई नाही, माझी माणसं मला सुखरूप न्यायची आहेत." त्याने ते म्हटलं नाही. तो म्हणाला, "धोंडूभाऊ, मी मारलाय. आता नाय मारायचा. माजी भयन मला घरी न्यायची हाय."

बायकांतून एक हुंदका आला. कुणाचा ते सांगायला नको.

मग त्याने पाठ फिरवली. उपसलेल्या तलवारीकडे पाठ करून तो चालायला लागला. सावकाश. पोरं त्याच्याकडे बघत राहिली, एक-दोघं थुंकली, पण तो त्यांच्यातून वाट काढत पुढे गेला तशी तीही मागोमाग निघाली. तो माझ्या विंगेत शिरला आणि मटकन पेटाऱ्यावर बसला. मग त्याने डावा हात मागे नेला, पाठ चाचपली, आणि हात पुढे आणून बघितला.

"अण्णा, लागली काय वो मला?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नुसता घाम होता. "नाही रे बाबा," मी म्हटलं. तो तरीही पुन्हा हात बघत राहिला.

इकडे अजून संपलं नव्हतं. मास्तरांच्या वहीत सरदाराचं पुढचं वाक्य होतं, "पाठलाग करा!" आणि धोंडूच्या मागे खालच्यावाडीची सगळी पोरं त्याच वाक्याची वाट बघत होती. तेवढं एकच त्यांना तोंडपाठ होतं. मास्तरांनी वही मिटली आणि तोंडावर धरली. धोंडू तलवार म्यानात घालायला बघत होता आणि टोक म्यानाच्या तोंडात शिरत नव्हतं. एका पोराने विचारलंसुद्धा, "दादा, जायाचा?"

"थांबा," धोंडू म्हणाला. "जाऊ दे त्यांना."

तेव्हा मी पडदा पाडला. दोरीचे वळ कितीतरी दिवस मनगटावर होते.

दुसऱ्या दिवशी येसू माहेरी गेली. धोंडूने स्वतः गाडी जुंपून दिली. तिला मुलगी झाली. वाड्यांचं पाणी सुरू झालं, बोलणं सुरू झालं. सगळ्यांचं. फक्त सखारामशी त्याच्या स्वतःच्या वाडीचं नाही. पुढच्या शिमग्यात तो पालखीला खांदा द्यायला गेला तर कुणीतरी म्हणालं, पाठ दाखवणाऱ्याचा खांदा नको. बाकीचे गप्प राहिले. तो मुंबईला गिरणीत गेला, आणि शिमग्याला चाकरमानी घरोघर येतात तेव्हाही आला नाही. हे मला मास्तरांनी बाजारात भेटल्यावर सांगितलं. मला फार वाईट वाटलं. शेला धर, पाठ फिरव, हे सगळं माझंच सांगणं होतं, आणि त्याची किंमत त्याने मोजली. उसवलेला शेला मी शिवला नाही. तसाच पेटाऱ्याच्या तळाशी ठेवला.

काही वर्षांनी एका दुपारी धोंडू दुकानात आला. केस पिकलेले, व्रण तेवढा ठळक. गावात तेच नाटक पुन्हा धरलंय म्हणाला.

"सरदाराचा मंदील देतो," मी म्हटलं.

"सरदार दुसरा कोनतरी करील. मला किल्लेदाराचा द्या. वरचीवाडी म्हनते, आमच्यातला कोन पाठ दावनार नाय. मंग म्हटलां मी दावतो. सगळ्यांदेखत. सखारामला कागद घातलाय, बगायला ये म्हनून. येल का नाय, म्हाईत नाय. पन ती चाल तेवडी शिकवा अण्णा. मला ती येत नाय."

मी तळातून लाल शेला काढला. उसवलेली जागा त्याने बोटाने पाहिली. मागच्या परसात नेऊन त्याला चालायला लावलं. चार पावलं गेला की मान मागे वळायची. पुन्हा केलं, पुन्हा वळली. मी चिडलो. "अहो, मागे बघू नका! सखारामने बघितलं होतं का?"

"त्याला ठावं होता," धोंडू म्हणाला, "मी मारनार नाय ता."

मी गप्प बसणार होतो. मग म्हटलं, या माणसाला हे सांगायलाच हवं.

"नव्हतं ठाऊक," मी म्हटलं. "विंगेत येऊन त्याने पाठ चाचपली. लागली का, म्हणून मला विचारलं. रक्त आलंय का, म्हणून हात बघितला. दोनदा."

धोंडूचा हात डोक्यावरच्या व्रणाकडे गेला आणि मध्येच खाली आला. मग त्याने शेल्याचं टोक मुठीत घेतलं, माझ्याकडे पाठ केली, आणि परसाच्या दगडी गडग्यापर्यंत सावकाश चालत गेला. एकदाही वळला नाही. गडग्यापाशी पोचल्यावरही तो बराच वेळ तिकडेच तोंड करून उभा होता.